इंच स्वस्त, उजेड महाग

२०२५ सालची घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि त्याच दिवसापासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. आदल्या दिवशीपर्यंत करासकट ४० हजारांना मिळणारा टीव्ही, कंपनीने आणि दुकानदाराने कपात पुरती गिऱ्हाइकापर्यंत पोचवली असेल तर, ३६ हजार ८७५ रुपयांना पडू लागला. तोवर ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे चैनीच्या वस्तूंचा दर, अशी विभागणी होती. त्यामुळे दसऱ्याला टीव्ही घ्यायचा म्हणून दुकानात गेलेल्या बऱ्याच घरांनी ४३ इंचाचा बेत तिथल्या तिथे बदलून ५५ इंचाचा केला.

करकपातीने या बदलाला जोर दिला, पण तो सुरू झाला होता आधीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये शाओमीने भारतात ५५ इंचाचा ४के टीव्ही ३९ हजार ९९९ रुपयांना आणला, तेव्हा नामांकित कंपन्यांचा तेवढाच पडदा त्याच्या दुपटीच्या घरात होता. मग टीसीएल, हायसेन्स, व्हीयू, एसर, थॉमसन अशी रांग लागली. आज सणासुदीच्या सवलतीत ४३ इंची ४के टीव्ही वीस-पंचवीस हजारांत, ५५ इंची तीस ते चाळीस हजारांत, ६५ इंची पन्नास-साठ हजारांत आणि ७५ इंची पाऊण लाख ते लाखाच्या दरम्यान मिळतो. घरातल्या फार थोड्या वस्तूंची किंमत आकाराच्या मानाने अशी उतरली आहे.

याचं कारण काचेच्या कारखान्यात आहे. टीव्हीचं पॅनेल भल्या मोठ्या काचेवर एकत्र तयार होतं आणि मग तिचे तुकडे पाडतात. २२०० बाय २५०० मिलिमीटरच्या काचेतून ५५ इंचाचे बरोबर सहा पडदे निघतात, कडेला फारसं काही वाया जात नाही. चीनमधल्या हफेई शहरात बीओई कंपनीने २०१७ च्या अखेरीस याहून मोठी, २९४० बाय ३३७० मिलिमीटरची काच वापरणारा कारखाना सुरू केला. त्या काचेतून ६५ इंचाचे आठ किंवा ७५ इंचाचे सहा पडदे पडतात. मोठ्या टीव्हींत ५५, ६५ आणि ७५ हेच आकडे दुकानात सगळ्यात जास्त दिसतात ते यामुळे. पुढे चिनी कारखान्यांनी इतकं उत्पादन काढलं की कोरियन कंपन्यांना एलसीडी परवडेनासं झालं. सॅमसंगच्या पॅनेल कंपनीने २०२२ मध्ये एलसीडी बनवणं थांबवलं, एलजीच्या पॅनेल कंपनीने ग्वांगझोचा कारखाना टीसीएलच्या सीएसओटीला विकला. म्हणजे टीव्हीवर नाव कोणाचंही असो, स्वस्त आणि मध्यम किमतीच्या टीव्हीतलं पॅनेल बहुधा चीनमधल्या मोजक्या कारखान्यांपैकी एकातून आलेलं असतं. जुलै २०२० मध्ये सरकारने तयार रंगीत टीव्हीच्या आयातीवर निर्बंध घातले. तेव्हापासून जोडणी इथे होते, काच मात्र बोटीनेच येते.

तेव्हा इंच सगळ्यांनाच स्वस्तात देता येतात. बाकीच्या शब्दांचंही तसंच आहे. ४के, एचडीआर, डॉल्बी ऑडिओ, एक अब्ज रंग, स्मार्ट, हे सगळे शिक्के २५ हजारांच्या टीव्हीच्या खोक्यावर असतात आणि अडीच लाखांच्याही. मग मधले सव्वादोन लाख कशाचे? त्यातला मोठा भाग उजेडाचा असतो. पडदा किती उजळू शकतो, जिथे अंधार हवा तिथे किती अंधार ठेवू शकतो, आणि या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी करू शकतो का. खोक्यावर हे सहसा छापलेलं नसतं.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नाही. मागे एलईडीच्या पट्ट्या पेटलेल्या असतात आणि पुढचे स्फटिक तो उजेड अडवतात किंवा जाऊ देतात. ‘एलईडी टीव्ही’ हे नाव त्या मागच्या पट्ट्यांवरून पडलं, टीव्ही एलसीडीच. स्वस्त टीव्हीत त्या सगळ्या पट्ट्या एकदमच कमी-जास्त होतात. पडद्याचा एक कोपरा काळा आणि दुसरा झगझगीत हवा असेल तर काळ्या कोपऱ्यामागेही दिवे चालूच राहतात आणि काळा रंग राखाडी दिसतो. स्फटिक उजेड किती घट्ट अडवतात हे पॅनेलच्या जातीवर ठरतं. व्हीए जातीचं पॅनेल समोरून पाहिल्यास काळं चांगलं दाखवतं, पांढरा त्याच्या काळ्याहून तीन ते सहा हजार पट उजळ असतो. आयपीएस जातीत हे प्रमाण हजाराच्या आसपास राहतं, पण बाजूला बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. दिवाणखान्यात सोफा समोर आणि दोन खुर्च्या बाजूला, शिवाय स्वयंपाकघराच्या दारातून कोणीतरी येताजाता पाहणार, अशी मांडणी असेल तर आयपीएस बरं. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्या दोघा-तिघांसाठी व्हीए. पंचाईत अशी की बऱ्याच कंपन्या हे कुठे लिहीत नाहीत, आणि एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ इंचांत वेगवेगळ्या जातीचं पॅनेल असू शकतं. दुकानात पाच पावलं बाजूला सरकून पाहिलं की मात्र कळतं. रंग फिके पडले, चेहरे धुरकट झाले, की ते व्हीए समजावं.

उजेडाचं माप निट्स. साध्या ४के टीव्हीची झेप अडीचशे ते साडेतीनशे निट्सची. एचडीआर चित्रपटांची रंगजुळणी स्टुडिओत हजार किंवा त्याहून जास्त निट्स गृहीत धरून करतात. तीनशे निट्सचा टीव्ही एचडीआरचा संकेत वाचू शकतो, म्हणून खोक्यावर शिक्का मारायला कोणी अडवत नाही. पण सूर्याचा झोत, काचेवरची तिरीप, दागिन्याची चमक दाखवायला त्याच्याकडे बळच नसतं. काही वेळा तर एचडीआर चालू केल्यावर चित्र आधीपेक्षा अंधारं होतं आणि लोक टीव्ही बिघडला म्हणून तक्रार करतात. दुपारी बाल्कनीच्या सरकत्या दारातून ऊन येणाऱ्या घरात हेच दुखणं वेगळ्या तऱ्हेने जाणवतं. पडद्यात आपलंच घर दिसू लागतं आणि मालिकेतला रात्रीचा प्रसंग निव्वळ ऐकावा लागतो.

क्यूएलईडी हा शब्द इथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण सध्या विक्रेत्यांचा भर त्याच्यावर आहे. मागच्या निळ्या एलईडीच्या उजेडातून शुद्ध लाल आणि हिरवा काढणारे सूक्ष्म कण, म्हणजे क्वांटम डॉट, एका पातळ थरात बसवलेले असतात. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंजी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. तंत्र खरं आहे आणि रंग खरोखर गहिरे होतात. पण त्याने काळा अधिक काळा होत नाही आणि पडदा आपोआप जास्त उजळही होत नाही. क्यूएलईडीसाठी तीन-चार हजार जास्त द्यावेत, दहा हजार देऊ नयेत.

जास्तीचे दहा-पंधरा हजार जिथे दिसतात ती जागा म्हणजे विभागवार मंदावणारे दिवे. मागच्या दिव्यांचे गट पाडून जिथे काळोख हवा तिथला गट विझवायचा, असं हे काम चालतं. मिनी-एलईडी टीव्हीत दिवे लहान आणि गट जास्त. गेल्या दोन-तीन वर्षांत हे तंत्र परवडणाऱ्या किमतीत उतरलं आहे. मात्र नावाबरोबर गटांची संख्या विचारायला हवी. ५५ इंची पडद्यात शंभर गट असतील तर प्रत्येकाचा आकार नऊ सेंटिमीटर चौरस, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उपशीर्षकं आली की त्या तळहाताएवढ्या जागेत धुकट प्रभावळ उमटते. महागड्या टीव्हीत हेच गट हजाराच्या पुढे असतात. तरीही शंभर गटांचा टीव्ही एकाही गटाशिवायच्या टीव्हीपेक्षा रात्री बराच बरा दिसतो, आणि असे टीव्ही सहसा उजळही जास्त असतात. ६५ इंची साधा की त्याच किमतीत ५५ इंची मिनी-एलईडी, असा पेच पडला आणि घरात चित्रपट, वेब मालिका जास्त पाहिल्या जात असतील, तर दुसरा घ्यावा. ६५ चा पडदा ५५ पेक्षा क्षेत्रफळाने ४० टक्के मोठा भरतो, मोह साहजिक आहे. पण क्षेत्रफळाची सवय पंधरा दिवसांत होते आणि राखाडी काळोख रोज दिसतो.

हे सगळं टीव्हीचं झालं. त्याच्यात येणारं चित्र कसं आहे, हा निम्मा प्रश्न अजून बाकी आहे आणि मराठी घरात तो निम्म्याहून मोठा ठरतो. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके असतात. ४के पडद्यावर ठिपके ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर वीसपट. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एक वाहिनीने पाठवलेला आणि उरलेले एकोणीस टीव्हीच्या प्रोसेसरने अंदाजाने भरलेले. स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर हा अंदाज ढोबळपणे करतो. अभिनेत्रीच्या साडीची किनार पुसट होते, बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांची शिरोरेघ दातेरी दिसते, आणि ‘जुन्या टीव्हीवर चांगलं दिसायचं’ ही आजीची तक्रार शंभर टक्के खरी असते. जुन्या २१ इंची डब्यात ते दोष झाकले जात, ५५ इंचांत ते ताणून दाखवले जातात.

त्यात पुष्कळ घरांत सेट टॉप बॉक्सच जुना असतो. नवा टीव्ही आला तरी लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची केबल तशीच राहते. चित्र चौकोनी साच्यातून रुंद पडद्यावर ओढलं जातं, माणसं जाडजूड दिसतात, आणि सगळे मिळून टीव्हीला नावं ठेवतात. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. एचडी बॉक्स, एचडीएमआय नावाने ओळखली जाणारी एकच केबल आणि पॅकमध्ये या वाहिन्या, एवढं केलं तर वीसपटीचा फरक चौपटीवर येतो. महिन्याला थोडे पैसे वाढतात, पण टीव्हीची किंमत दहा हजारांनी वाढवून जे साधत नाही ते यात साधतं. ज्यांना डीडी फ्री डिशवरच समाधान आहे, त्यांनी ५५ इंचांच्या मागे लागूच नये.

ओटीटीवर गोष्ट वेगळी, तरी तिथेही पायऱ्या आहेत. नेटफ्लिक्सवर ४के चित्र फक्त महिना ६४९ रुपयांच्या प्रीमियम योजनेत मिळतं, म्हणजे वर्षाला ७ हजार ७८८ रुपये. त्यासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवतं, आणि तासाला सात जीबीपर्यंत डेटा खर्च होऊ शकतो. १४९ ची योजना टीव्हीवर चालतच नाही. आणखी एक खाच म्हणजे वाइडवाइन. ओटीटी कंपन्या चोरीच्या भीतीने चित्र कुलूपबंद पाठवतात, आणि ज्या टीव्हीकडे त्याचा वरच्या दर्जाचा, एल१ नावाचा परवाना नाही त्याला एचडी चित्र देतच नाहीत. गल्लीतल्या दुकानात किंवा प्रदर्शनात मिळणाऱ्या अनोळखी नावाच्या ‘अँड्रॉइड’ टीव्हीत पुष्कळदा हीच गोम असते. खोक्यावर ४के, आत मोबाइलसाठीचं अॅप आणि चित्र डीव्हीडीच्या दर्जाचं. गूगल टीव्ही, टायझन, वेबओएस, फायर टीव्ही किंवा विडा अशी अधिकृत प्रणाली आहे का आणि रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण आहे का, हे पाहिलं तरी बरीचशी फसवणूक टळते.

आता खोली. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल तर पडद्याने नजरेचा तीस ते चाळीस अंशांचा कोन भरावा असा व्यवसायातला संकेत आहे. त्याचा घरगुती हिशेब असा की पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ ते १.६ पट अंतरावर बसावं. ५५ इंचासाठी साडेपाच ते साडेसात फूट, ६५ साठी साडेसहा ते नऊ, ७५ साठी साडेसात ते दहा. पुण्या-ठाण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफ्याच्या पाठीपासून समोरची भिंत नऊ-दहा फुटांवर असते, म्हणजे ६५ तिथे उगाच मोठा वाटणार नाही. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये पलंगावरून पाहायचं तर सात फूट मिळतात आणि ५५ इंच तिथेही बसतो. ‘एवढ्या जवळून डोळे जातील’ ही भीती पिढीजात आहे. ४केच्या बाबतीत तिचा रोख उलटा पडतो, कारण ५५ इंची पडद्यावरचे ४केचे ठिपके साधारण साडेतीन फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत आणि फुल एचडीचे सात फुटांपलीकडे. नऊ फुटांवरून ४३ इंचाचा टीव्ही पाहणाऱ्याला ४के आणि फुल एचडीतला फरक निरोगी डोळ्यांनीही कळणार नाही.

पण आधी एसडीचं जे सांगितलं त्याच्याशी इथे गाठ पडते. जवळ बसण्याचा सगळा हिशेब चांगल्या चित्राच्या भरवशावर आहे. दिवसातले चार तास साध्या वाहिन्या आणि रविवारी एक सिनेमा, असं ज्या घराचं पाहणं आहे तिथे सात फुटांवर ५५ इंच म्हणजे दोष जवळून पाहण्याची सोय. तिथे ४३ किंवा ५० घ्यावा आणि उरलेले पैसे एचडी पॅकला लावावेत. रुंदीही मोजून जावी. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ चा १४४, ७५ चा १६६. भिंतीतला शोकेस जुन्या टीव्हीच्या मापाने केलेला असतो, आणि सुताराला दुसऱ्यांदा बोलावण्याचा खर्च जीएसटीच्या कपातीत बसत नाही.

दुकानात टीव्ही पाहणं हा स्वतंत्र खेळ आहे. तिथे सगळे टीव्ही ‘व्हिविड’वर लावलेले असतात, उजेड शेवटच्या टोकाला आणि पांढरा रंग निळसर. ट्यूबलाइटच्या लखलखाटात निळसर पांढरा स्वच्छ वाटतो. कंपनीची ध्वनिचित्रफीतही हुशारीने निवडलेली असते. काळ्या पार्श्वभूमीवर मध ओघळतो, पोपट पंख झटकतो, आणि यातलं काहीही घरी कोणी पाहत नाही. विक्रेत्याला सांगून चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्यावा. पहिल्या मिनिटाला चित्र पिवळट आणि मेलेलं वाटेल. दोन मिनिटं थांबावं, डोळे सरावतात आणि माणसांची कातडी माणसांसारखी दिसू लागते. मग मोबाइलवरून क्रिकेटचा सामना लावायला सांगावा. कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावतो तेव्हा हिरवळीवरून मळकट पट्टे सरकताना दिसतात का, हे पाहण्यासारखी दुसरी परीक्षा नाही. मागच्या उजेडाची मांडणी असमान असली की एकरंगी मैदानावर ती लगेच उघडी पडते. हे पट्टे दुरुस्त होत नाहीत, आणि बऱ्याच कंपन्या त्याला दोष मानून टीव्ही बदलून देत नाहीत.

वेगाचे आकडेही जपून घ्यावेत. खरा रिफ्रेश रेट सहसा ६० किंवा १२० हर्ट्झ असतो. ‘मोशन रेट २४०’सारखे शब्द प्रत्येक कंपनीची घरची मापं आहेत. काही स्वस्त टीव्ही ६० हर्ट्झच्या पॅनेलवर आडव्या ओळी निम्म्या करून १२० गाठतात आणि त्याला डीएलजी म्हणतात. खेळ खेळणाऱ्या मुलाला ते चालेल, सिनेमाला त्याचा उपयोग नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. मधली चित्रं टीव्हीने मनाने भरून हालचाल गुळगुळीत केली की पन्नास कोटींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी चित्रफीत काढून ही सोय बंद करा असं प्रेक्षकांना विनवलं होतं. पुढच्या वर्षी आलेला फिल्ममेकर मोड त्याच तक्रारीचं फळ. क्रिकेटला मात्र ही गुळगुळीत हालचाल थोडी चालू ठेवलेली बरी. 

टीव्ही इतका स्वस्त का, याचं काचेपलीकडचं उत्तर टीव्ही लावल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पानावरच्या जाहिरातींत सापडतं; कमाईचा एक भाग तिथून येतो. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय पाहतात याची माहिती न विचारता गोळा केली, म्हणून २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये हीच कंपनी वॉलमार्टने २३० कोटी डॉलरला घेतली, आणि जाहिरातींचा धंदा हे त्या खरेदीचं उघड कारण होतं. भारतात फ्लिपकार्टही वॉलमार्टचीच. टीव्ही सुरू करताना येणाऱ्या संमतीच्या पानांवर ‘पाहण्याची माहिती’ आणि ‘जाहिराती’ यांच्या खुणा काढून टाकता येतात, त्याने कुठलंही अॅप बंद पडत नाही. टीव्हीच्या प्रणालीतल्या गूगलच्या मक्तेदारीचा विषयही आपल्याकडे निघाला होता. स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलची तडजोड स्वीकारली. २० कोटी २४ लाख रुपये आणि टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअरचा सुटा परवाना, असं तिचं स्वरूप होतं.

प्रणालीबद्दल एक व्यवहारी गोष्ट. पॅनेल आठ-दहा वर्षं टिकू शकतं, पण दीड-दोन जीबी रॅमचा मेंदू तीन-चार वर्षांत अडखळायला लागतो. सॅमसंगने २०२४ पासूनच्या ठरावीक मॉडेलांना सात वर्षं अद्यतनं द्यायचं जाहीर केलं आहे, एलजीने पाच वर्षांत चार. स्वस्त टीव्हीला असलं आश्वासन क्वचितच असतं. टीव्ही मंदावला की तो बदलायची गरज नसते. चार-पाच हजारांची स्ट्रीमिंगची काडी मागे खोचली की तो परत नव्यासारखा पळतो. म्हणून खरेदी करताना प्रणालीच्या वेगापेक्षा पॅनेलला झुकतं माप द्यावं.

आवाजाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टीव्ही जितका सडपातळ तितका स्पीकरला श्वास घ्यायला जागा कमी, आणि तो बहुधा खाली तोंड करून बसवलेला. डॉल्बी अॅटमॉसचा शिक्का असला तरी संवाद पुटपुटल्यासारखे येतात. एआरसी जोडणी असलेला साधा साउंडबार पाच-सहा हजारांत हे दुखणं बरं करतो. एलसीडीखेरीज दोन पर्याय उरतात, ओलेड आणि प्रोजेक्टर. ओलेड टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, काळा खरोखर काळा होतो. पण ते अजून परवडणाऱ्या गटात आलेलं नाही, आणि दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालू ठेवणाऱ्या घरात तिचं चिन्ह पडद्यावर कायमचं उमटण्याचा धोका असतो. प्रोजेक्टरचं आकर्षण शंभर इंचांचं. १५ हजारांच्या प्रोजेक्टरवर छापलेल्या हजारो ‘ल्युमेन’वर विश्वास ठेवू नये, एएनएसआय ल्युमेनचा आकडा विचारावा, आणि खोली खरोखर काळोखी करता येत असेल तरच त्या वाटेला जावं.

ब्रँडचं नाव ही आता फार घोटाळ्याची खूण झाली आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत आणि मराठवाड्यात ते घरचे समजले जात. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट ही जुनी युरोपीय नावं, इथले टीव्ही मात्र नोएडाच्या सुपर प्लास्ट्रॉनिक्सचे. तोशिबाचा टीव्ही २०१८ पासून हायसेन्सकडे आहे. व्हीयू मुंबईची. नावाला महत्त्व द्यायचं ते एवढ्यापुरतंच की आपल्या गावापासून त्या कंपनीचं सेवा केंद्र किती लांब आहे. पुण्यात दोन दिवसांत येणारा माणूस चिपळूणला किंवा उदगीरला पंधरा दिवस घेऊ शकतो, आणि हे दुकानदाराला नाही, गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारावं. कोणाचे बोर्ड मिळतात आणि कोणाचे मिळत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आखातातल्या नातेवाइकाकडून टीव्ही मागवायची जुनी चाल आता उपयोगाची नाही. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीला सामानातली करमाफी नाही, आणि तिकडची वॉरंटी सहसा इकडे चालत नाही.

दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत बिघाड तीन. ‘बोर्ड गेला’, ‘स्ट्रिप गेली’ आणि ‘पॅनेल गेलं’. पहिल्या दोन्हींचा इलाज काही हजारांत होतो. तिसऱ्यात टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येतो आणि बहुतेक लोक नवा घेतात. आवाज येतो पण चित्र नाही, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला लावला की आत अंधूक हालचाल दिसते, अशी स्थिती असेल तर स्ट्रिप गेली म्हणायची. स्वस्त टीव्हीत थोडेच दिवे जास्तीत जास्त तापवून उजेड काढलेला असतो, म्हणून हा बिघाड तिथे जास्त. बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणला तर त्यांचं आयुष्य वाढतं, आणि रात्री डोळ्यांनाही तेवढाच उजेड पुरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाआधीच्या विजांत नुसता रिमोटने टीव्ही बंद करून भागत नाही. प्लग आणि छत्रीची किंवा केबलची वायर, दोन्ही काढावी लागतात. वीज पुष्कळदा केबलमधूनच शिरते.

भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यावा, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. आपल्याकडे तो फोटोच्या फ्रेमसारखा वर टांगतात आणि मग मान दुखते, शिवाय व्हीए पॅनेलचे रंग खालूनही फिके दिसतात. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या सिपोरेक्सच्या असतात. तिथे विटेच्या भिंतीचे प्लास्टिकचे गुल्ले वीस-पंचवीस किलोचा टीव्ही धरत नाहीत, त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे अँकर लागतात. बसवायला येणाऱ्या माणसाला भिंत कशाची आहे हे फोनवरच सांगितलेलं बरं, नाहीतर तो पिशवीत असेल ते ठोकून जातो.

ऑनलाइन घेतलेल्या टीव्हीची परतीची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते आणि ती खोकं घरी आल्यापासून मोजली जाते, टीव्ही भिंतीवर चढल्यापासून नाही. मुहूर्त पाहून चार दिवस खोकं तसंच ठेवणाऱ्यांची इथे गफलत होते. कंपनीचा माणूस आल्यावरच खोकं उघडावं आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करावं, कारण पडद्याला गेलेला तडा वॉरंटीत येत नाही आणि तो कोणी पाडला यावरून पुढे वाद होतो. पहिल्याच संध्याकाळी यूट्यूबवर पांढरा, काळा, लाल, हिरवा असे एकरंगी पडदे लावून मेलेले ठिपके आणि कोपऱ्यांतून गळणारा उजेड पाहून घ्यावा. दोष सापडला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. विक्रेता आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना बिलाची प्रत, टीव्हीच्या मागचा सीरियल नंबर आणि ते चित्रण, तिन्ही हाताशी ठेवावीत.